पोस्टासमोरचे नऊ आटे

सभा अकराला होती आणि काकांनी ठरावाचा मसुदा नऊ वाजताच टाइप करून ठेवला होता. पालिकेत असंच चालतं. सभेत काय ठरणार ते हेडक्लार्कच्या, म्हणजे काकांच्या, टेबलावर आधी ठरतं आणि मग सतरा माणसं दीड तास बोलून तिथवर पोचतात. त्या दिवशी बाबांना जाऊन तेवीस दिवस झाले होते आणि टेकडीवरच्या नळांची धार बारीक होऊन चौतीस. मधले अकरा दिवस बाबा हॉस्पिटलात होते. हे आकडे मी मुद्दाम मोजले नव्हते. तळमजल्यावर, पालिकेच्या वाचनालयात, माझ्या टेबलासमोर कॅलेंडर आहे, एवढंच.

दादाने मला वर बोलावून घेतलं. "वाचून घे," म्हणाला. "सभेत एकदम कानावर पडायला नको."

काकांच्या खोलीत तीन खुर्च्या आहेत आणि त्या दिवशी माणसं पाच होती. काका स्वतःच्या खुर्चीत. पाणी समितीचा सभापती म्हणून दादा दुसऱ्या खुर्चीत. तिसरीत आत्या, जी टेकडीवरच्या चाळीस बायकांच्या सह्यांचा अर्ज घेऊन आली होती आणि तो अजून कोणाच्या हातात देत नव्हती. दाराशी काकांचा मुलगा, ज्याला घरात आणि पालिकेत सगळेच बांबू म्हणतात, कारण तो दारातून वाकून आत येतो. बाबा आजारी पडल्यापासून गावाचं पाणी तो सोडत होता. मी कपाटाला टेकून उभी राहिले.

विषयपत्रिकेवर सहा विषय होते. बाजारातल्या स्वच्छतागृहाची किल्ली कोणाकडे असावी, हा दुसरा. बागेतल्या बाकांना कोणता रंग द्यावा, हा चौथा. त्यावर आधीच्या दोन सभा खर्ची पडल्या होत्या. पाचवा टेकडीचा. काकांनी कागद माझ्याकडे सरकवला.

"सेवानिवृत्तीनंतर मानधनावर काम करणाऱ्या तत्कालीन व्हॉल्व्हमनने पाणीवाटपाची माहिती जाणीवपूर्वक स्वतःपुरती ठेवली व ठरावीक भागास झुकते माप देण्यासाठी अनधिकृत पद्धत अवलंबिली, असे या सभेचे मत झाले आहे. सबब विद्यमान कर्मचाऱ्यास दोषी धरण्यात येऊ नये."

तत्कालीन व्हॉल्व्हमन म्हणजे बाबा. ठरावीक भाग म्हणजे आत्याची टेकडी. विद्यमान कर्मचारी दाराशी उभा राहून बुटाच्या टोकाने फरशीवरचा डाग घासत होता.

मी कागद दोनदा वाचला. व्याकरण निर्दोष होतं. काकांच्या मसुद्यात कधी चूक सापडत नाही.

"हे इतिवृत्तात जाणार?" मी विचारलं.

"सभेने मंजूर केलं तर जाणार," काका म्हणाले.

इतिवृत्ताच्या वह्या माझ्याच ताब्यात असतात. पालिका स्थापन झाली त्या वर्षापासूनच्या, कापडी बांधणीच्या. कोणीतरी संशोधक वर्षातून एकदा येतो आणि मी त्या काढून देते. शंभर वर्षांनी असाच कोणी ती वही उघडेल आणि बाबांविषयी त्याला एवढंच कळेल, की त्यांनी माहिती दडवली आणि बहिणीला पाणी दिलं. गावात त्यांच्याविषयी लिहिलेलं दुसरं काहीच नव्हतं. चौतीस वर्षं पहाटे उठणाऱ्या माणसाविषयी कोण लिहितो?

आत्या काकांकडे बघत म्हणाली, "धाकट्या, मला झुकतं माप मिळत होतं म्हणे. सहा ते सात, एक तास. बाजाराला तीन तास. हे माप कुठल्या बाजूला झुकलं होतं ते जरा चष्मा लावून बघ."

काकांनी उत्तर दिलं नाही. दादाने दिलं. तो समजुतीच्या आवाजात म्हणाला, की आज दोनच गोष्टी होऊ शकतात. एकतर बांबूला काम जमत नाही म्हणून काढायचं, किंवा बाबांनी काही सांगून ठेवलं नाही असं लिहायचं. बांबूच्या घरात दोन लहान मुलं आहेत.

"गेलेल्या माणसाला नोटीस लागत नाही, ताई," तो मला म्हणाला. तो माझ्याहून मोठा असूनही मला ताई म्हणतो, पण फक्त अडचणीत असला की.

दादाची अडचण त्याने मला पुष्कळ नंतर सांगितली. त्याचा वॉर्ड बाजाराचा. बाबा आजारी पडल्यापासून बाजाराला कधी नव्हतं इतकं पाणी येत होतं. सकाळी सहा ते सात तर नळ नुसते धो धो. त्या धारेवर खूष होऊन न्हाव्याने बांबूची दाढी फुकट केली होती, आणि एवढं तर तेव्हाच गावभर झालं होतं. लोक रस्त्यात थांबवून दादाला सांगत, की तुमच्या भावाचा हात चांगला आहे, याला कायम करा. हे ऐकताना आपल्याला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाज वाटायला दोन दिवस लागले, असं तो म्हणाला. तेवढ्या दोन दिवसांत त्याने काकांना होकार देऊन टाकला होता.

काकांची गोष्ट जुनी होती. बांबू दहावी नापास झाल्यापासून ते बाबांना सांगत होते, की याला हाताखाली घे. बाबा म्हणत, बघू. हे बघू चौदा वर्षं चाललं. बाबांनी कोणालाच हाताखाली घेतलं नाही, पण काकांच्या मते त्यांनी फक्त बांबूला घेतलं नाही. दोघं भाऊ एका इमारतीत काम करत आणि जिन्यात भेटले तर हवेविषयी बोलत. बाबांना अर्धांगाचा झटका आला त्या दिवशी मात्र हॉस्पिटलात सगळ्यांच्या आधी काका पोचले होते, आणि रोज दुपारी चार ते सहा तेच बसत.

"तू कसं सोडतोस पाणी?" मी बांबूला विचारलं.

मला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. लहानपणी दोन-तीनदा मी बाबांबरोबर गेले होते, पण मला फक्त थंडी आणि लोखंडाचा वास आठवत होता.

बांबू खूष झाला. महिनाभरात त्याला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. सगळे पाणी का येत नाही एवढंच विचारत. त्याने काखेतली वही काढली. बाबांची वही, पालिकेची, दर महिन्याला इंजिनिअरची सही असलेली. गावात एकतीस व्हॉल्व्ह. प्रत्येकासमोर वेळ आणि आट्यांचा आकडा, म्हणजे चावी किती वेळा गोल फिरवायची ते. टेकडी उंच असल्याने पाणी आपणहून चढत नाही, तो समजावत होता. म्हणून सहा वाजता पोस्टासमोरचा व्हॉल्व्ह आवळायचा. तो बाजाराच्या फाट्यावर आहे. बाजाराकडे जाणारं पाणी कमी झालं की दाब वाढतो आणि पाणी टेकडी चढतं. सातला पुन्हा होता तसा करायचा. हे बघ, पोस्टासमोर, सहाला नऊ बंद, सातला नऊ उघड.

"नऊ?"

"नऊ. रोज मोजून नऊ. एक कमी नाही, एक जास्त नाही. तरी चढत नाही."

मी वहीची पानं उलटली. बाकी आकडे बारा होते, अठरा, बावीस, एके ठिकाणी तीस. नऊ फक्त पोस्टासमोर.

नऊ हा आकडा मी याआधी मोजलेला होता.

झटक्यानंतर बाबांची वाचा गेली आणि उजवी बाजू गेली. तिसऱ्या दिवशी त्यांचा डावा हात पांघरुणावर फिरू लागला. मूठ अर्धवट मिटलेली, मनगट गोल वळायचं, थांबायचं, पुन्हा वळायचं. नर्स म्हणाली अस्वस्थपणा असतो. वहिनीला वाटलं, रेडिओचं बटण फिरवतायत, त्यांना बातम्या हव्यात. तिने रेडिओ आणून ठेवला. आत्या म्हणाली, भिंतीवरच्या घड्याळाला चावी देतोय, लहानपणी ते त्याचं काम होतं. मला काहीच सुचलं नाही म्हणून मी मोजलं. नऊ वेळा, मग विश्रांती. पुन्हा नऊ. कधी आठवर हात गळून पडला तर ते पहिल्यापासून सुरू करत.

"आत्या," मी विचारलं, "टेकडीवर पाणी येत नाही असं तू बाबांसमोर कधी बोललीस का? हॉस्पिटलात?"

आत्या जरा ओशाळली. "बोलले असेन. तिसऱ्या दिवशी. दोन दिवस नळाला थेंब नव्हता, वैतागले होते. त्याला समजत नाही असं डॉक्टर म्हणाले होते ना?"

काका पेनाचं टोपण काढत होते आणि लावत होते.

"ते आवळायला सांगत होते," मी म्हणाले. "नऊ आटे."

"अगं, पण मी आवळतोच ना," बांबू म्हणाला. "उजवीकडे नऊ."

"त्यांचा हात डावीकडे फिरत होता."

बांबू हसला, वाईट हसणं नव्हतं. डावीकडे म्हणजे उघडणं, तो म्हणाला. व्हॉल्व्ह उजवीकडे बंद होतो, डावीकडे उघडतो. गावातले एकतीसच्या एकतीस. नळ तसाच, स्क्रू तसाच, बाटलीचं झाकण तसंच.

ते खरं होतं. मी हरले असते, पण मला न्हावी आठवला.

"सहा ते सात बाजाराला एवढं पाणी का येतं रे? तू त्याच तासाला बाजार आवळतोस ना?"

बांबूचा बूट थांबला. तो वहीकडे बघत राहिला, मग स्वतःच्या दोन्ही हातांकडे. मी त्याला आयुष्यात पहिल्यांदा विचार करताना पाहिलं असं काका नंतर म्हणाले, पण ते बापाचं बोलणं झालं.

सव्वानऊ झाले होते. टाकीत अजून पाणी होतं. डावीकडे फिरवून बघायला पंधरा मिनिटं वाटप पुन्हा सुरू करायचं तर सभापतीची परवानगी लागते. आम्ही सगळे दादाकडे बघू लागलो.

"बाजारात गिऱ्हाइकाची वेळ आहे," तो म्हणाला. "नळ बंद पडले तर मला फाडून खातील."

"आम्ही महिनाभर काय खातोय ते विचारलंस का?" आत्या म्हणाली. "जा, न्हाव्याच्या दुकानात जाऊन बस. पाणी गेलं तर तोंडावरचा साबण तसाच घेऊन सभेला ये. मतं वाढतील."

दादाला हसू आलं. त्याने टाकीवर फोन केला.

आत्या कोणाच्या तरी स्कूटरवर मागे बसून टेकडीवर गेली. दादा खरंच न्हाव्याकडे जाऊन बसला. बांबू खांद्यावर चावी घेऊन निघाला. ती छातीइतकी उंच लोखंडी सळई, वर आडवा दांडा, खाली चौकोनी तोंड. मी त्याच्या मागे. काका येतील असं वाटलं नव्हतं. पण मागून त्यांच्या बुटांचा आवाज आला आणि शेवटपर्यंत तेवढ्याच अंतरावर येत राहिला.

पोस्टासमोर पत्रपेटीपासून चार पावलांवर लोखंडी झाकण आहे. मी रोज त्यावरून चालत येते. बांबूने ते बाजूला केलं, खड्ड्यात चावी उतरवली, तोंड बसल्याचा खट्ट आवाज झाला. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि डावीकडे जोर लावला. व्हॉल्व्ह सहज फिरला. एक, दोन, तीन. पोस्टाच्या पायरीवर पाकिटं चिकटवत बसलेली एक बाई हात थांबवून बघू लागली. सात, आठ, नऊ.

काहीच झालं नाही. रस्त्यावर काय होणार होतं?

मग दादाचा फोन. दुकानातली धार करंगळीएवढी झाली होती आणि न्हावी बांबूच्या दाढीचे पैसे मागत होता.

आत्याच्या फोनला सहा मिनिटं लागली. मी तो कानापासून लांब धरला, म्हणजे तिघांना ऐकू येईल.

"नळ खोकतोय," आत्या म्हणाली. "नुसती हवा. थांब. लाल आलं. थांब, बोलू नकोस."

आम्ही बोलत नव्हतोच. पलीकडून रिकाम्या बादलीच्या तळावर पाणी आदळल्याचा आवाज आला, आणि तो आवाज हळूहळू जाड होत गेला. आत्याने फोन बहुतेक खाली ठेवला असावा. ती शेजारणीला हाक मारत होती आणि मधेच तिचा आवाज फुटला. फोन बंद करायचं तिच्या लक्षात राहिलं नाही, आणि माझ्याही.

बांबू चावीवर कपाळ टेकून उभा होता. "उलटा आहे," तो म्हणाला. "एवढा एकच उलटा आहे. मी रोज सहाला बाजार उघडत होतो. मोठ्या काकांनी लिहून का नाही ठेवलं?"

काका खड्ड्याच्या काठावर गुडघे टेकून बसले होते. कडक इस्त्रीची पँट, मातीत. त्यांनी मोबाइलचा उजेड आत धरला आणि व्हॉल्व्हच्या अंगावरची ओतीव अक्षरं वाचली. मग ते उठले आणि पालिकेकडे चालू लागले, आता आमच्या पुढे.

ते मला रेकॉर्ड रूममध्ये सापडले. सव्वीस वर्षांपूर्वीची भांडाराची नोंदवही टेबलावर उघडी होती. तेव्हा भांडार त्यांच्याकडे होतं. व्हॉल्व्ह, आठ नग, तपासून घेतले. खाली त्यांची सही, तरुण, जरा ऐटबाज.

"एक खोकं वेगळ्या कारखान्याचं होतं," ते म्हणाले. "मी उघडलं नाही. त्या महिन्यात माझी खात्याची परीक्षा होती. टेबलाखाली पुस्तक ठेवून सह्या करत होतो." त्यांनी अक्षरावरून बोट फिरवलं. "चौकशी लागली असती तर परीक्षेला बसू दिलं नसतं. भांडारातच म्हातारा झालो असतो."

तोवर दादा आला होता, गालावर अजून साबण. त्याने सगळं ऐकलं आणि त्याच्यातला सभापती लगेच जागा झाला. काका, हे लिहायची काही गरज नाही, तो म्हणाला. व्हॉल्व्ह बदलून टाकू. जुना मसुदा फाडू. विषय संपला. तुमच्या निवृत्तीला चार महिने राहिलेत.

मीही तेच म्हणाले. माझं काम झालं होतं. बाबांचं नाव वहीत जाणार नव्हतं. "बाबांनी सव्वीस वर्षं हे कोणाला कळू दिलं नाही," मी म्हणाले. "वहीत लिहिलं असतं तर इंजिनिअरने विचारलं असतं. कोणाला शिकवलं असतं तरी सांगावं लागलं असतं. बांबूला तर नक्कीच."

काकांनी वर पाहिलं. बहुधा तोवर त्यांच्या हे लक्षात आलं नव्हतं. चौदा वर्षांचं ते बघू.

"त्याने मला विचारलं नव्हतं," ते शेवटी म्हणाले.

ते खोलीत गेले आणि टाइप करायला बसले. अकराला पाच कमी होते.

सभेत किल्लीचा विषय वीस मिनिटं चालला आणि बाकांचा पन्नास. हिरवा की तपकिरी, हे त्याही दिवशी ठरलं नाही. पाचवा विषय काकांनी स्वतः वाचला. पोस्टासमोरील व्हॉल्व्ह उलट आट्याचा असून तत्कालीन भांडारपालाने तो न तपासता स्वीकारला. तत्कालीन व्हॉल्व्हमनने ही चूक सव्वीस वर्षे रोज दोन वेळा स्वतःच्या हाताने निस्तरली. भांडारपाल म्हणजे कोण, असं मागच्या रांगेतून कोणीतरी विचारलं. काका म्हणाले, मी. चौकशी लावायची असेल तर सुचवा, मी लिहून घेतो. सतरा माणसं गप्प बसली, जे त्या सभागृहात क्वचितच घडतं. मग कोणीतरी चहाचं विचारलं आणि ठराव मंजूर झाला.

दुपारी इतिवृत्ताची वही न्यायला मी वर गेले. काका एकटेच होते. त्यांनी वही माझ्यापुढे ठेवली, पण तिच्यावरचा हात काढला नाही.

"झाकणाच्या आत बाण काढून घ्यायचाय," ते म्हणाले. "बांबू रंग आणायला गेलाय. मला एकदा दाखव. त्याचा हात कसा फिरायचा?"

मी डावा हात उचलला, मूठ अर्धवट मिटली आणि मनगट वळवलं. ते बघत राहिले.

"तुम्ही रोज दोन तास बसत होता," मी म्हणाले. "तुम्ही पाहिला असेल."

"मला वाटायचं तो तडफडतोय." त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, मसुदा वाचतानाचा. "मी तो हात धरून ठेवायचो. घट्ट. शांत पड म्हणायचो. तो माझ्याकडे बघायचा आणि ओढायचा, आणि मी सोडायचो नाही."

आत्या असती तर तिने काही म्हटलं असतं. मी वही उचलली नाही, तिथेच बसले.

थोड्या वेळाने काकांनी आपला डावा हात टेबलाच्या काचेवर ठेवला. मूठ मिटली. मनगट डावीकडे वळवलं, थांबले, पुन्हा वळवलं. घाई न करता, सवय करून घेत असल्यासारखं. मी मनात मोजत होते. आठवर त्यांचा हात थांबला, आणि त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली.